फ्यूजकाका आणि बटाट्यावरचं घड्याळ

इमारतीच्या प्रवेशद्वारातलं घड्याळ बंद पडलं होतं आणि त्यात नवा सेल कोणी घालायचा यावर सोसायटीच्या सभेत वाद रंगला होता. त्या वादात फ्यूजकाकांनी तोंड उघडलं नसतं, तर पुढचं रामायण झालंच नसतं. पण ज्या सभेत विजेचा विषय निघतो त्या सभेत फ्यूजकाका गप्प बसतील, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती. पोटापाण्यासाठी ते विमा कंपनीत हेडक्लार्क होते, मनाने मात्र कायम विजेच्या खात्यात. एकदा सगळ्या इमारतीत अंधार झाला असताना त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात एकट्याने फ्यूजची तार बदलली होती. तेव्हापासून त्यांना हे नाव पडलं आणि मीटरच्या खोलीची किल्लीही त्यांच्याकडे आली. ती ते घरात असतानासुद्धा पायजम्याच्या नाडीला बांधून ठेवत.

"सेल हवाय कशाला?" फ्यूजकाका उभे राहून म्हणाले. "घड्याळाला वीज लागते दीड व्होल्ट. दोन बटाटे पुरतात."

पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी हळूच विचारलं, "कसे बटाटे?"

"कसेही. बटाटे नसले तर लिंबं, लिंबं नसली तर टोमॅटो. एका बाजूने तांब्याची तार खुपसायची, दुसऱ्या बाजूने जस्ताचा थर दिलेला खिळा. झाला सेल. निसर्गाने वीज भरून ठेवली आहे, आपण फक्त काढून घ्यायची."

यावर दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनियर हलकेच खाकरले. हे गृहस्थ वीजकेंद्रातून निवृत्त होऊन नुकतेच राहायला आले होते आणि फ्यूजकाकांच्या आयुष्यातलं सध्याचं एकमेव दुःख म्हणजे ते. परवाच एका बिऱ्हाडाचा पंखा बंद पडला, तर ते लोक फ्यूजकाकांच्या दारावरून सरळ इंजिनियरांकडे गेले. तेही चपला वाजवत.

"वीज बटाट्यात नसते हो," इंजिनियर अगदी मऊ आवाजात म्हणाले. "ती मिळते खिळ्यावरच्या जस्तातून. बटाटा नुसता मध्यस्थ. आणि मिळते तीही थोडीच. घड्याळाचा काटा ढकलायला जोर लागतो, तो त्यात निघायचा नाही."

माणूस रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. समजावून सांगितल्यासारखं बोलला, ते जिव्हारी लागलं. शिवाय ज्याने सारी हयात विमा कंपनीत काढली त्याच्यासमोर मध्यस्थाला 'नुसता' म्हणावं, हे फ्यूजकाकांना अजिबात रुचलं नाही.

"पुढच्या रविवारच्या सभेत हे घड्याळ बटाट्यावर चाललेलं दिसेल," ते म्हणाले. "नाही चाललं तर मीटरच्या खोलीची किल्ली मी स्वतःच्या हाताने इंजिनियरसाहेबांना देईन."

शेवटचं वाक्य बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. ते आपोआप आलं. सेक्रेटरी मात्र असल्या वाक्यांची वाटच पाहत असतात. त्यांनी ते ताबडतोब ठराव म्हणून मांडलं, दोघांनी अनुमोदन दिलं आणि फ्यूजकाका खाली बसायच्या आत ते मंजूरही झालं.

घरी आल्यावर काकूंनी ताटं मांडता मांडता विचारलं, "अहो, तुम्हाला कोणी विचारलं होतं का?"

"विचारलं नव्हतं, म्हणून तर सांगावं लागलं."

काकूंची आई कोपऱ्यातल्या खुर्चीत गवार मोडत बसली होती. ही आजी सगळ्या इमारतीची आजी होती, पण फ्यूजकाकांची सासू होती आणि हा फरक फ्यूजकाकांना कायम जाणवत असे. इतक्या वर्षांत तिने जावयाला कधी नावं ठेवली नव्हती आणि कधी चांगलंही म्हटलं नव्हतं. आपल्याविषयी तिचं मत काय असेल याचा अंदाज करायचा झाला, की फ्यूजकाका विषय बदलत. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बटाटे नंतर भाजीला चालतील ना?"

"नाही आई. जस्त उतरतं त्यात. खिळा गेलेला बटाटा पोटात जाता कामा नये."

"म्हणजे वायाच," आजी म्हणाली आणि पुन्हा गवारीकडे वळली.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाचं टेबल प्रयोगशाळा झालं. फ्यूजकाकांकडे व्होल्ट मोजायचं एक मीटर होतं. ते त्यांनी हौसेने घेतलं होतं आणि घरात मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून कपाटात पडून होतं. पहिल्या लिंबात तार आणि खिळा खुपसून त्यांनी मीटर लावलं, तर काटा थेट एक व्होल्टच्या जवळ जाऊन उभा राहिला. त्यांनी काकूंना हाक मारली. काकू हात पुसत आल्या, त्यांनी लिंबाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सरबताचं होतं ते."

लिंबं लवकर सुकली. टोमॅटोंनी सुरुवात झकास केली, पण त्यांना दम नव्हता. खिळ्याभोवती ते बसकण मारत आणि टेबलावर पाणी सोडत. संत्र्यांमुळे मुंग्या आल्या, त्याही अशा रांगेने, की जणू त्यांनाही सभेची नोटीस गेली होती. सगळं पारखून झाल्यावर फ्यूजकाका बटाट्यावर आले. बटाटा गंभीर प्रकृतीचा असतो, तो पाझरत नाही, चिडत नाही आणि खिळा ठोकला तरी आपली जागा सोडत नाही, असं त्यांनी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. ऐकणाऱ्यांनी मान डोलावली, कारण हेडक्लार्कसमोर मान डोलावण्याची तिथे रीतच होती.

तोपर्यंत इमारतीत बातमी पसरली होती आणि बातमीच्या मागोमाग सल्ले आले. दातांच्या डॉक्टरांनी जिन्यात गाठून सांगितलं, की तोंडात दोन वेगळ्या धातूंचे दात बसवले तरी वीज तयार होते, पेशंट तशी तक्रार करतात. त्यावरून घड्याळाला काय करायचं हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. तळमजल्यावरच्या शिंप्याचं म्हणणं पडलं की बटाटा जुना घ्यावा, नव्यात जोर नसतो. चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, कांदा का नाही घेत, कांदा तर हात लावताच डोळ्यांना झोंबतो, म्हणजे त्याच्यात काहीतरी असणारच. सल्ल्यांचं एक वेळ चालतं, ते ऐकून सोडून देता येतात. पण प्रत्येक जण सल्ल्यासोबत घरातले बटाटेही आणून देऊ लागला. विज्ञानाला आपलाही हातभार लागावा ही भावना त्यामागे असेलही, पण आलेले बटाटे बघता घर साफ करण्याची भावना जास्त दिसत होती. काहींना मोड होते, काही सुरकुतले होते. आजीने सगळे एका मोठ्या टोपलीत भरून स्वयंपाकघरात ठेवले आणि येता-जाता ती त्या टोपलीकडे बघत असे.

पुढची अडचण सेक्रेटरी होती. घड्याळाखाली बटाटे ठेवण्यासाठी फ्यूजकाकांनी एक लाकडी पेटी करून आणली, तर सेक्रेटरी जिन्यातच आडवे आले.

"काका, सामाईक जागेत खाण्याचे पदार्थ ठेवायला बंदी आहे. उंदीर होतात."

"हे खाण्याचे पदार्थ नाहीत. हे विद्युत साहित्य आहे."

"बटाटा आहे हो तो."

"खिळा मारेपर्यंत बटाटा. खिळा मारला की साहित्य."

सेक्रेटरींनी थोडा विचार केला. "आणि खिळा काढला तर?"

असल्या प्रश्नाला उत्तर नसतं, असं नाही. पण उत्तर देणाऱ्याचा मान त्यात शिल्लक राहत नाही. शेवटी पेटीला झाकण, झाकणाला कुलूप आणि कुलपाच्या वरती 'विद्युत साहित्य, हात लावू नये' अशी अक्षरं, एवढ्यावर तडजोड झाली. अक्षरं फ्यूजकाकांनी स्वतः रंगवली. 'साहित्य'मधला 'त्य' जागेअभावी कडेला गेला, पण लांबून ते काही वाईट दिसत नव्हतं.

मग चाचणी झाली. फ्यूजकाकांनी पेटीत बटाटे ओळीने मांडले, एकाची तार दुसऱ्याच्या खिळ्याला जोडली आणि शेवटची दोन टोकं घड्याळाच्या मागे सेलच्या जागी लावली. जिन्यात गर्दी झाली होती. सेकंदकाटा थरथरला. तो पुढे जायचा प्रयत्न करत होता, हे सगळ्यांना दिसत होतं. पण दर वेळी तो जागच्या जागी एक झटका देई आणि पुन्हा तिथेच थांबे. पलंगावरून उठायचं मनात आहे पण उठवत नाही, अशी त्याची अवस्था झाली होती.

"हलतोय तर," शिंपी म्हणाला.

"हलतोय, पण चालत नाही," इंजिनियर म्हणाले. त्यांनी वाकून पेटीत पाहिलं. "काका, दाब आहे, प्रवाह नाही. ओळीत कितीही बटाटे जोडलेत तरी दाबच वाढणार. उलट प्रत्येक बटाटा वाटेत अडवत राहणार."

फ्यूजकाका पेटी बंद करत म्हणाले, "ही फक्त प्राथमिक चाचणी होती." असं म्हणताना ते ताठ उभे होते. पण रात्रीच्या जेवणाला त्यांनी फारसं काही खाल्लं नाही, हे काकूंच्या लक्षात आलं आणि आजीच्याही. किल्ली गेली तर काय जाणार होतं? मीटरच्या त्या अंधाऱ्या खोलीत कोळ्यांशिवाय काही नव्हतं. पण ऑफिसात त्यांच्या हाताखालची पोरं त्यांच्या पुढे जाऊन साहेब झाली होती, घरात त्यांचं कोणी फार ऐकत होतं असं नाही आणि साऱ्या जगात एकच दार असं होतं, जे त्यांच्यावाचून उघडत नव्हतं. ते दार हातचं जाणार या कल्पनेनेच त्यांना वाईट वाटत होतं. पण हे सांगायचं कोणाला, आणि कोणत्या तोंडाने.

पण फ्यूजकाका हार मानणाऱ्यांतले नव्हते. शनिवारी संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की उद्या सगळे बटाटे न वापरलेले, खिळे घासूनपुसून चकचकीत आणि तारा आखूड, म्हणजे वीज वाटेत सांडणार नाही. टोपलीतले बटाटे त्यांनी निवडून वेगळे काढले आणि बजावलं की यांना कोणी हात लावायचा नाही. आजी तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडात गेली होती, तेवढं एक त्यांच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी सकाळी ते केस कापायला गेले. किल्ली गेली तरी ती देणारा माणूस नीटनेटका दिसला पाहिजे आणि राहिली तर फोटो निघतीलच, असा दोन्ही बाजूंनी त्यांनी विचार केला होता. परत येताना जिन्यात कुकरची शिट्टी ऐकू आली. कोणाच्या तरी घरी स्वयंपाक लवकर होतोय, असं वाटून ते वर आले. दार उघडल्यावर स्वयंपाकघरात वाफेचा वास भरला होता, टेबलावर घासलेले खिळे वाटीत होते आणि टोपली रिकामी होती.

"आई," ते म्हणाले. त्यांनी रिकाम्या टोपलीकडे बोट दाखवलं.

"मोड आले होते सगळ्यांना," आजी कुकरचं झाकण काढत म्हणाली. "असे ठेवले असते तर आज-उद्यात टाकूनच द्यावे लागले असते. मोड खुडले, धुतले आणि एक शिट्टी घेतली. तुमचे खिळे पण धुतले बरं का, मळकट वाटले."

"अगं आई, ते यांच्या घड्याळाचे होते," काकू आतून धावत आल्या.

"घड्याळाला काय, कच्चे असले काय नि शिजलेले असले काय. घड्याळ काय चावून खातंय?"

फ्यूजकाका खुर्चीत बसले. त्यांना राग यायला हवा होता, पण इतका मोठा राग एकदम कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. काकू शेजारी धावल्या, चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन आल्या. पण इमारतीतला एकूण एक बटाटा आधीच त्यांच्या टोपलीत आला होता. लोकांनी विज्ञानासाठी घरं इतकी रिकामी केली होती, की भाजीवाल्याचं दुकान बंद असल्याच्या दिवशी कोणाकडे एक बटाटा नव्हता. सभेला थोडाच वेळ उरला होता.

"मग हेच लावा," आजी म्हणाली.

"आई, उकडलेल्या बटाट्यावर घड्याळ चालतं असं कुठे ऐकलंय?"

"कच्च्यावर तरी कुठे चाललं?"

हे खरं होतं आणि खरं असल्यामुळे लागलं. फ्यूजकाकांनी मुकाट्याने गरम बटाटे पातेल्यात घातले, पातेलं टॉवेलात गुंडाळलं आणि ते खाली निघाले. उकडलेला बटाटा खिळा मारण्याच्या कामी अगदी वाईट. खिळा सहज आत जातो, पण बटाटा दुभंगायला बघतो. शिंप्याने दुकानातून जाड दोरा दिला आणि प्रत्येक बटाट्याला आडवे-उभे वेढे घालून बांधून टाकलं. पेटीत ठेवलेले ते बटाटे अपघातानंतर पट्ट्या बांधल्यासारखे दिसत होते. फ्यूजकाकांनी टोकं जोडली, घड्याळाकडे न बघताच झाकण लावलं आणि ते सभेपुढे जाऊन उभे राहिले.

प्रवेशद्वारात खुर्च्या मांडल्या होत्या. इंजिनियर पहिल्या रांगेत, सेक्रेटरी टेबलामागे आणि आजी मागे भिंतीला टेकून बसली होती. घड्याळ फ्यूजकाकांच्या पाठीमागे होतं. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की आपण इतकं लांबलचक आणि इतकं उदात्त बोलायचं की घड्याळाकडे कोणाचं लक्षच जाऊ नये.

"मित्रहो," ते म्हणाले, "विज्ञानात अपयश असं काही नसतं. जे होतं तो निष्कर्ष असतो. आमचा निष्कर्ष असा, की बटाट्यात वीज आहे, पण तिला अजून घड्याळाची सवय नाही. मी दिलेला शब्द पाळणारा माणूस आहे. या किल्लीने मी इतकी वर्षं या इमारतीची सेवा केली. आज ती अत्यंत जड अंतःकरणाने, पण ताठ मानेने, मी…"

त्यांनी नाडीची गाठ सोडून किल्ली हातात घेतली होती. आज पँट घातली असूनही ती नाडी त्यांनी आतून वेगळी बांधली होती, त्यामुळे सोडवायला थोडा वेळ लागला.

"टिकटिक कसली येतेय?" सेक्रेटरी म्हणाले.

सगळ्यांचे डोळे फ्यूजकाकांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे लागले. त्यांनी मागे वळून पाहिलं. सेकंदकाटा चालत होता. झटके देत नव्हता, थरथरत नव्हता. एकेक पाऊल टाकत नियमाने पुढे जात होता.

"…मी परत खिशात ठेवतो," फ्यूजकाकांनी वाक्य पूर्ण केलं. त्यांच्या आवाजात जराही फरक पडला नाही. काही माणसं अशी असतात, की त्यांचा आत्मविश्वास घटनेच्या आधीच तिथे पोचलेला असतो.

टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्याने इंजिनियरांनीच वाजवल्या. ते उठून पेटीपाशी आले, त्यांनी झाकण उघडायला लावलं आणि एका बटाट्यावर बोट दाबून पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. भांडायला आलेला माणूस असा कधी आनंदत नाही.

"उकडलेत काका?"

"अर्थात."

"वा. उकडल्यावर आतल्या पेशी फुटतात, मग वाट मोकळी होते. अडवणूक कमी झाली, म्हणून प्रवाह मिळाला. आमच्या खात्यातल्या कोणाला हे सुचलं नसतं. कोणाची कल्पना ही?"

फ्यूजकाकांनी छाती पुढे काढली. 'माझी' हा शब्द अगदी ओठांवर होता. सभा ऐकत होती, इंजिनियर ऐकत होते आणि असा क्षण माणसाच्या आयुष्यात पुन्हा येत नाही. मग त्यांची नजर मागच्या भिंतीकडे गेली. आजी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती मुद्दामच पदराचं टोक नीट करत दुसरीकडे पाहत होती. बोला तुम्ही काय बोलायचं ते, मी काही म्हणणार नाही, असं तिचं ते बसणं होतं. इतक्या वर्षांत तिने आपल्याला नावं का ठेवली नाहीत, ते फ्यूजकाकांना तेव्हा कळलं.

"आमच्या सासूबाईंची," ते म्हणाले. "मी केस कापायला गेलो होतो."

सभा हसली. फ्यूजकाकाही हसले, पण जरा उशिरा. इंजिनियर आजीकडे वळून वाकले आणि म्हणाले, "मग सेक्रेटरीसाहेब, ठरावात नसलं तरी किल्ली ज्यांनी घड्याळ चालवलं त्यांच्याकडे गेली पाहिजे. माझं अनुमोदन." चारी बाजूंनी हात वर झाले. फ्यूजकाकांचा हातही वर झाला. तो खाली ठेवणं शोभलं नसतं.

किल्ली आजीच्या हातात दिली गेली. तिने ती उलटसुलट करून पाहिली. "मला जिन्यांची चढउतार जमत नाही," ती म्हणाली. "यांच्याकडेच राहू द्या. हे नीट ठेवतात, मी बघते रोज." मग जरा थांबून म्हणाली, "फक्त उघडायच्या आधी मला विचारायचं." सेक्रेटरींनी तेही ठरावात घेतलं, कारण ठरावात घेण्यासारखं काही दिसलं की त्यांना राहवत नसे.

पुढे ते बटाटे वास मारू लागले आणि सोसायटीने निमूटपणे सेल आणून घातला, ही गोष्ट वेगळी. मग एका संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचे दिवे गेले. तिथल्या बाई धापा टाकत खाली आल्या. फ्यूजकाका दारातच होते, हातात टॉर्च, कमरेला किल्ली, चेहऱ्यावर जबाबदारी.

"चला," ते म्हणाले.

"थांबा काका," बाई म्हणाल्या, "आधी आजींना विचारून या."

फ्यूजकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी सडेतोड बोलायला त्यांनी तोंडही उघडलं. मग ते वळले आणि आत गेले. आजी दिव्याखाली बसून मटार सोलत होती.

"आई, मीटरची खोली उघडू का?"

"उघडा," आजी म्हणाली. तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं. "पण चपला घालून जा. रबरी."

फ्यूजकाका अनवाणीच निघाले होते. ते मुकाट्याने परत फिरले, चपला घातल्या आणि मग खाली गेले.